नेट काढून टाका, मग जुनं विंडोज खुशाल ठेवा

जुन्या विंडोजवर फोटोचं काम चालू ठेवायचं असेल तर माझी अट एकच आहे: त्या मशीनला इंटरनेट मिळणार नाही. पाच मिनिटांपुरतंही नाही. ही अट मान्य असेल तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे. मान्य नसेल तर सरळ नवं मशीन घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

मी गोव्यात फोंड्याला स्टुडिओ चालवते. लग्नं, मुंजी, जत्रांतली नाटकं, शिगमो, पालख्या, आणि वर्षभर थोडं थोडं जुन्या फोटोंचं काम. चवथ जवळ आली की हे शेवटचं काम एकदम वाढतं. मूळ घरात सगळी भावकी जमणार म्हणून लोक पणजोबांचा वाळवी लागलेला फोटो फ्रेममधून काढून घेऊन येतात आणि तो त्यांना चवथीच्या आत हवा असतो. हे सगळं काम मी ६४ बिटच्या विंडोज ७ वर करते. त्यावर फोटोशॉप सीएस६ आहे, लाइटरूम ६ (फोटो निवडायचं आणि रंग सुधारायचं सॉफ्टवेअर) आहे, आणि कितीतरी वर्षं हाताला बसलेल्या अॅक्शन, म्हणजे एका बटणावर चालणाऱ्या ठरलेल्या कृती, आहेत. शेजारी एक नवा लॅपटॉप आहे, तो नेटवर असतो. दोघांची कामं वेगळी.

हे आता लिहायचं कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही आधार संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात, पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. गावोगावच्या स्टुडिओंत इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं अजून उत्तम चालतात, पण विंडोज ११ त्यांना बहुतेक वेळा अधिकृतपणे घेत नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि साधारण आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. ‘आता काय करायचं’ असा फोन मला डिचोलीहूनही येतो आणि काणकोणहूनही. मी जे करते ते इथे सविस्तर मांडते. विंडोज १० वर थांबणाऱ्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू आहे.

आधी ठरवा, खरंच गरज आहे का

जुनं ठेवण्याची चांगली कारणं मोजकी आहेत. पहिलं, एकदाच पैसे भरून कायमचं घेतलेलं सॉफ्टवेअर. अॅडोबीने २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. सीएस६ हे २०१२ चं, फोटोशॉपची तशी विकली गेलेली शेवटची आवृत्ती. लाइटरूम ६ हे २०१५ चं, आणि त्याचं शेवटचं अपडेट ६.१४ हे २०१७ च्या डिसेंबरात आलं. तुमच्याकडे या दोन्हींचे स्वतःच्या नावाचे सिरियल नंबर असतील तर तो ऐवज आहे, तो जपायला हवा. कुणीतरी पेन ड्राइव्हवर आणून दिलेली क्रॅक प्रत असेल तर ती काढून टाका. तशा प्रतीत मुळातच काय घातलेलं असतं ते तुम्हाला दिसत नाही, आणि मग नेट बंद करून काय उपयोग?

दुसरं कारण आपल्याकडे फार मोठं आहे, ते म्हणजे मराठी अक्षरं. करिझ्मा अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या शीटवर ‘शुभविवाह’ आणि दोन्ही घराण्यांची नावं टाकायची तर आपल्या पिढीने श्रीलिपी हे स्वतःचे फॉन्ट असलेलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरलं. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड देवनागरी लिहिली की वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं सुटी पडतात, म्हणून हाच मार्ग होता. आता त्या सगळ्या पीएसडी (फोटोशॉपच्या मूळ) फाइल्स श्रीलिपीच्या फॉन्टवर उभ्या आहेत. फॉन्ट नसलेल्या मशीनवर ती नावं उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग दिसते. दहा वर्षांपूर्वी लग्न झालेली मुलगी येते आणि म्हणते, ताई, आमचा अल्बम पावसात भिजला, पुन्हा छापून द्याल का? तेव्हा ती फाइल जशीच्या तशी उघडणारं मशीन माझ्याकडे असावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरं, हाताची सवय. रात्री नाटक संपल्यावर लाल-निळ्या उजेडातले फोटो सकाळपर्यंत मंडळाला द्यायचे असतात. त्या वेळी कुठलं बटण कुठे आहे हे शोधत बसणं परवडत नाही.

स्कॅनर हे मात्र कारण मानू नका. निकॉनच्या कूलस्कॅन या फिल्म स्कॅनरचं मूळ सॉफ्टवेअर विंडोज व्हिस्टापाशीच थांबलं हे खरं, पण व्ह्यूस्कॅन हे दुसरं सॉफ्टवेअर घेतलं तर तो स्कॅनर नव्या मशीनवरही चालतो. निव्वळ स्कॅनरपायी अख्खं विंडोज जुनं ठेवायची गरज नाही.

आणि जर तुमच्या कामात एआयने नॉइज काढणं रोजचं झालं असेल, लग्नाच्या दिवशीच ऑनलाइन गॅलरी द्यावी लागत असेल, तर जुन्या मशीनचा हट्ट धरू नका. ते तुमच्या कामाला पुरं पडणार नाही. तसंच, आज तुम्ही विंडोज १० वर असाल तर ७ वर परत जाऊ नका. सीएस६ आणि लाइटरूम ६ दोन्ही १० वर चालतात. जिथे आहात तिथेच थांबा.

नेट का नको

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. पैसे भरणाऱ्या संस्थांना पुढे २०२३ च्या जानेवारीपर्यंत अपडेट मिळाली, मग तीही थांबली. म्हणजे त्यानंतर सापडलेलं प्रत्येक भोक उघडंच आहे.

‘मी त्यावर बँक उघडत नाही, फेसबुक उघडत नाही, मग काय होणार?’ हे मी फार ऐकते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आला तेव्हा त्याला कुणी काही उघडण्याची गरजच नव्हती. विंडोजमध्ये फाइल शेअर करण्याची जी जुनी सोय आहे, तिच्यातल्या भोकातून तो नेटवर्कवरच्या एका मशीनमधून दुसऱ्यात आपोआप शिरत होता आणि फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागत होता. त्यात सापडलेली बहुतेक मशीनं विंडोज ७ चीच होती. मायक्रोसॉफ्टने त्याचं अपडेट दोन महिने आधी दिलं होतं, ते टाकलेलं नव्हतं एवढंच. आता तर तसं अपडेट येणारच नाही. आपल्या हार्ड डिस्कवर जे असतं ते लोकांच्या आयुष्यातलं पुन्हा न येणारं असतं. मुंजीतला आजीचा फोटो परत काढता येत नाही.

ब्राउझरचंही तेच. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, आणि फायरफॉक्सची जुन्या विंडोजसाठीची ओळ ११५ वर थांबलेली. तेव्हा त्या मशीनवरून काहीच शोधायचं नाही, काहीच डाउनलोड करायचं नाही.

नेट बंद करणं म्हणजे नुसती वायर काढणं नव्हे. वायर घरातलं कुणीतरी सद्भावनेने परत लावतं. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) जा आणि मदरबोर्डवरचं लॅन, म्हणजे नेटच्या वायरीची सोय, डिसेबल करा. वायफायचं कार्ड असेल तर ते कॅबिनेटमधून काढून डब्यात ठेवा. ब्लूटूथही बंद. मग विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह लावल्यावर आपोआप काही सुरू होण्याची सोय, ऑटोप्ले, पूर्ण बंद करा.

पण हे करण्याआधी एक काम उरकायचं आहे.

गोठवण्याआधीची तयारी

मशीन नेटपासून तोडलं की ते आहे त्या स्थितीत गोठलं. म्हणून त्याआधी ते धडधाकट असलं पाहिजे. विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ असायलाच हवा, आणि नव्या पद्धतीची डिजिटल सही ओळखणारं २०१९ चं एसएचए-२ अपडेटही. ते नसेल तर त्यानंतरची अपडेट आणि बरेच ड्रायव्हर बसतच नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून ही अपडेट सुट्या फाइल म्हणून लॅपटॉपवर उतरवता येतात आणि तिथून नेता येतात.

मग एक फोल्डर करा आणि त्यात या मशीनला लागणारं सगळं जमा करा: मदरबोर्डचे ड्रायव्हर, यूएसबी ३.० चा ड्रायव्हर (विंडोज ७ मध्ये तो मुळात नसतो, आणि नसला की बाहेरची डिस्क मुंगीच्या पावलांनी चालते), ग्राफिक कार्डाचा, प्रिंटरचा, पेन टॅब्लेटचा. सोबत फोटोशॉप आणि लाइटरूमचे इन्स्टॉलर, लाइटरूमचं ६.१४ चं अपडेट, सिरियल नंबर, प्लगइन, फॉन्ट, अॅक्शन, ब्रश. सिरियल नंबर कागदावरही लिहून ठेवा. मॉनिटर कॅलिब्रेट करायला डिस्प्लेकॅल वापरत असाल तर ध्यानात ठेवा, ते पहिल्यांदा उघडल्यावर आर्गिल नावाचा भाग नेटवरून मागतं. तोही आधीच उतरवून फोल्डरात ठेवा, नाहीतर सगळं तयार असून कॅलिब्रेशन अडून बसेल. हे फोल्डर दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. कंपन्या जुने ड्रायव्हर आपल्या साइटवरून केव्हा काढतील याचा नेम नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सीएस६ नव्याने टाकलं की ते अॅक्टिव्हेशन मागतं, आणि ते अॅडोबीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे. सीएस२ चे असे सर्व्हर अॅडोबीने बंद केलेले आहेत, त्यामुळे हे कायम राहील असं धरून चालू नका. तुमचं खरं भांडवल इन्स्टॉलर नाही, तर अॅक्टिव्हेट होऊन चालू असलेली ही अख्खी डिस्क आहे. तिची हुबेहूब प्रत काढून ठेवली नाही तर बाकी सगळी काळजी वाया.

डिस्कची प्रत

मी क्लोनझिला वापरते. ते फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून सुरू होतं, आणि विंडोज चालू नसताना प्रत काढतं. दिसायला जुनाट, निळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, पण भरवशाचं आहे. सुरू करण्याआधी फोटोंच्या डिस्कच्या वायरी काढून ठेवा. कॅबिनेटमध्ये विंडोजची डिस्क एकटी असू द्या आणि बाहेर प्रत ठेवायची डिस्क लावा. मूळ कुठली आणि प्रत कुठली याची गल्लत झाली तर एका क्षणात सगळं पुसलं जातं. दोनच डिस्क असल्या की आकारावरून आणि मॉडेलच्या नावावरून त्या ओळखता येतात. ‘डिव्हाइस-इमेज’ हा पर्याय घ्या, पूर्ण डिस्क वाचवा, आणि शेवटी इमेज तपासायची का असं विचारेल तिथे हो म्हणा. वेळ लागतो. लागू द्या.

इथवर बरेच जण करतात. पुढची पायरी बहुतेक जण सोडतात: ती प्रत परत टाकून बघणं. एक नवी साटा एसएसडी घ्या, मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी, कारण लहान डिस्कवर क्लोनझिला सहजी उतरवत नाही. तिच्यावर इमेज टाका, मूळ डिस्क काढून ही लावा आणि मशीन सुरू करा. विंडोज उघडलं, फोटोशॉपने काही न विचारता श्रीलिपीची एखादी जुनी शीट उघडली, तर तुमची प्रत खरी. मग त्या एसएसडीवर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. नवा प्लगइन टाकला, ड्रायव्हर बदलला, की नवी इमेज काढा. जुनी लगेच पुसू नका.

फोटोंचा बॅकअप वेगळा. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावात. हे मी आग्रहाने सांगते, कारण आपल्याकडे पाणी कुठे शिरेल सांगता येत नाही. २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा सत्तरी, डिचोली आणि फोंडा तालुक्यांत नदीकाठच्या घरांत पाणी घुसलं होतं. तिन्ही डिस्क एकाच कपाटात असतील तर तो एकच बॅकअप. माझी एक डिस्क पणजीला बहिणीकडे असते. सणावाराला जाणं-येणं होतं तेव्हा आम्ही ती बदलतो.

आणखी एक बारीक गोष्ट. नेट नसलं की मशीनचं घड्याळ स्वतःहून जुळत नाही, हळूहळू पुढे-मागे होतं. बॅकअपची सॉफ्टवेअर तारखा बघून ठरवतात की नवी फाइल कुठली. म्हणून अधूनमधून वेळ हाताने लावा. मशीन सुरू करताना तारीख कितीतरी वर्षं मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. सीआर२०३२ नावाने तो घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो बदलला की बायोसमध्ये जाऊन लॅन अजून बंदच आहे ना हे तपासा. सेल गेला की बायोस मूळपदावर येतो आणि लॅन पुन्हा चालू होतं.

नव्या कॅमेऱ्याचे फोटो जुन्या लाइटरूममध्ये

लोक इथे येऊन अडतात. निकॉन डी७५० किंवा डी७२०० सारख्या जुन्या कॅमेऱ्याच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) फाइल लाइटरूम ६ थेट उघडतं, कार्ड सरळ जुन्या मशीनला लावायचं. पण नवा मिररलेस आला, कॅननची सीआर३ फाइल आली, की लाइटरूम ६ ती ओळखत नाही. म्हणून कॅमेरा परत करायची गरज नाही आणि वर्गणी घ्यायचीही नाही.

कॅमेऱ्याची रॉ फाइल डीएनजी या अॅडोबीच्या रॉ प्रकारात बदलून देणारा अॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो. त्याची नवी आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही, म्हणून तो लॅपटॉपवर टाकायचा. कार्ड लॅपटॉपला लावा, फाइल्स उतरवा, कन्व्हर्टरला तो फोल्डर दाखवा. मात्र सुरू करण्याआधी प्रेफरन्समध्ये जाऊन कंपॅटिबिलिटी बघा. तिथे ‘कॅमेरा रॉ ७.१ आणि पुढे’ निवडा. ही खूण लाइटरूम ६ आणि सीएस६ दोघांनाही चालते. तिथे नवीन काहीतरी निवडलेलं राहिलं तर डीएनजी तयार होईल, पण जुनं लाइटरूम ती उघडेलच असं नाही. २०२३ पासून डीएनजीमध्ये जेपीईजी एक्सएल नावाची नवी दाबण्याची पद्धत आली आहे, ती तर जुन्या सॉफ्टवेअरला अजिबात कळत नाही. लॉसी कॉम्प्रेशनची (दर्जा थोडा कमी करून फाइल लहान करण्याची) खूण काढून टाका. मूळ रॉ आत भरून ठेवायचा पर्यायही नको, फाइल उगाच दुप्पट होते. मूळ रॉ वेगळ्या डिस्कवर तशीच ठेवा, पुसू नका.

पूर्ण लग्नाच्या फाइल्स बदलायला बराच वेळ जातो. मी रात्री लावते आणि झोपते.

रंगांबद्दल एक सांगते, कारण इथे अनेकांचा हिरमोड होतो. डीएनजी उघडल्यावर फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला त्यापेक्षा फिका दिसतो. ‘अॅडोब कलर’ नावाची प्रोफाइल २०१८ मध्ये आली, ती लाइटरूम ६ मध्ये नाही. तिथे ‘अॅडोब स्टँडर्ड’ लागते. पण कन्व्हर्टर लॅपटॉपवर बसताना तुमच्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या प्रोफाइलही सोबत टाकतो, पोर्ट्रेट, लँडस्केप, न्यूट्रल वगैरे. त्या डीसीपी नावाच्या छोट्या फाइल असतात. लॅपटॉपवर सी ड्राइव्हच्या प्रोग्रामडेटामध्ये अॅडोबीच्या फोल्डरात ‘कॅमेरा रॉ’ आणि त्यात ‘कॅमेरा प्रोफाइल्स’ शोधा. आपल्या कॅमेऱ्याच्या नावाचं फोल्डर उचला आणि जुन्या मशीनवर तशाच जागी ठेवा. लाइटरूम बंद करून उघडा, कॅमेरा कॅलिब्रेशनच्या यादीत त्या दिसतील. नव्या साडीचा मोरपिशी, हळदीचा पिवळा, पालखीच्या रात्रीचा दिवट्यांचा उजेड हे सगळं मग जाग्यावर येतं. माझ्या मते जुन्या लाइटरूमवर राहणाऱ्याने शिकायची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

कन्व्हर्टरला एखादी फाइल जमलीच नाही तर लॅपटॉपवर रॉथेरपीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून १६ बिटची टिफ काढा. सीएस६ ती बिनतक्रार उघडतं. फाइल अवजड होते, त्यामुळे निवडक फोटोंनाच हा मार्ग.

आयफोनचे फोटो २०१७ पासून एचईआयसी प्रकारात येतात, ते जुन्या मशीनवर उघडत नाहीत. स्वतःचा फोन असेल तर कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करा. गिऱ्हाइकाचे आलेले असतील तर लॅपटॉपवर जेपीईजी करून घ्या.

फाइलींची ये-जा

दोन मशीनमध्ये फिरायला एकच डिस्क ठेवा आणि तिला दुसरं काम देऊ नका. माझ्याकडे एक छोटी बाहेरची एसएसडी आहे, तिच्यावर लाल टेप लावली आहे म्हणजे हाताखालची मुलंही चुकत नाहीत. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह कधीच जुन्या मशीनला लागत नाही. तो आधी लॅपटॉपला लागतो, तिथला अद्ययावत अँटिव्हायरस तो तपासतो, हवे तेवढेच फोटो लाल टेपच्या डिस्कवर येतात. पत्रिका छापणाऱ्याकडून आलेला पेन ड्राइव्ह, झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेन ड्राइव्ह, हे विशेष जपून. जुन्या मशीनवर अँटिव्हायरस ठेवून समाधान मानू नका. नेटशिवाय त्याची यादी शिळी होते.

लॅबला पाठवायच्या शीट, गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर दाखवायचे नमुने, सगळं याच डिस्कवरून लॅपटॉपवर येतं आणि तिथून जातं. सुरुवातीला ही ये-जा कटकटीची वाटते, आठवड्याभरात अंगवळणी पडते.

लाइटरूममध्ये ‘बदल आपोआप एक्सएमपीत लिहा’ अशी एक सोय आहे; एक्सएमपी म्हणजे केलेल्या बदलांची नोंद. डीएनजी वापरत असाल तर ती बंद ठेवा. डीएनजीत ते बदल फाइलच्या आतच लिहिले जातात, म्हणजे जरा उजेड वाढवला की बॅकअपच्या दृष्टीने ती पूर्ण फाइल नवी ठरते. काम संपलं की सगळे फोटो निवडून एकदा कंट्रोल-एस दाबा, एवढं पुरतं.

यंत्राची निगा

मॉनिटर बदलायचा झाला तर फोर-केच्या मागे लागू नका. विंडोजवरचं सीएस६ त्याच्याशी जुळवून घेत नाही, हत्यारांची चित्रं एवढी बारीक होतात की डोळे दुखतात. चोवीस इंची साधा एचडी, नाहीतर सत्तावीस इंची २५६० बाय १४४० चा चांगला आयपीएस मॉनिटर घ्या.

रॅम वाढवताना विंडोजची आवृत्ती बघा. विंडोज ७ होम प्रीमियम १६ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही, प्रोफेशनल वापरतं. मदरबोर्ड गेला तर त्याच मॉडेलचा मिळणं उत्तम. वेगळा बसवला की विंडोज आणि फोटोशॉप दोन्ही अॅक्टिव्हेशन मागू शकतात. म्हणून आत्ताच, मशीन ठीक असताना, त्याच मॉडेलचा सेकंडहँड बोर्ड शोधून ठेवा. एसएमपीएसही (मशीनला वीज पुरवणारा डबा) एक जादा ठेवा, तो आधी जातो.

जून ते सप्टेंबर आपल्या हवेला यंत्रं कंटाळतात. पावसाळ्यात काम नसलं तरी मशीन रोज तासभर चालू ठेवते, आतल्या उबेने दमटपणा धरत नाही. रॅमच्या पट्ट्यांचे सोनेरी दात काळवंडले की मशीन सुरू होताना नुसतं बीप करतं. पट्टी काढून खोडरबराने हलक्या हाताने पुसली की बहुधा चालू होतं. वीज तर जातेच. यूपीएसशिवाय हे मशीन लावूच नका, आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

निघायची वाट आधीच काढून ठेवा

हे मशीन एक दिवस थांबेल, आणि त्या दिवशी घाई होऊ नये. म्हणून प्रत्येक पूर्ण झालेल्या अल्बमची मी आता दोन रूपं ठेवते: लेयर (एकावर एक ठेवलेले सुटे थर) असलेली पीएसडी, आणि सगळे लेयर एकत्र केलेली ३०० डीपीआयची टिफ. श्रीलिपीची अक्षरं असलेल्या पीएसडीची आणखी एक प्रत काढून तिच्यातले मजकुराचे लेयर रास्टराइझ करते, अक्षरांचं चित्र करून टाकते, म्हणजे फॉन्ट असो नसो, नावं नावंच राहतात. जुन्या अल्बमचं हे काम फावल्या वेळात, नव्यापासून मागे जात करा. पुन्हा छापायची मागणी बहुधा अलीकडच्यांची येते.

लाइटरूमचं कॅटलॉग नवं लाइटरूम क्लासिक स्वीकारतं, त्यामुळे त्याची चिंता कमी. नव्या मशीनवर अधूनमधून एखादी जुनी शीट उघडायची असेल तर मायक्रोसॉफ्टच्या डिस्कटूव्हीएचडी या फुकट साधनाने जुनी डिस्क फाइल म्हणून घ्या आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये (नव्या मशीनच्या आत जुनं मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालवून बघा. तिथे यंत्र वेगळं दिसत असल्याने अॅक्टिव्हेशन मागितलं जाऊ शकतं, श्रीलिपीच्या डोंगलला (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी छोटी किल्ली) यूएसबी जोडून द्यावी लागते, आणि रंगांचं काम तिथे करू नये. पण नाव वाचायला, शीट बघून टिफ काढायला ते पुरतं. हा प्रयोग जुनं मशीन चालू असतानाच करा, म्हणजे काही अडलं तर मूळ फाइल शेजारीच उघडून पडताळता येते.